गाठ सोडील ती मागली

१

हर्षदा माळावर जाऊन गवत मोजायची. हसू नका. पुण्याला विद्यापीठात याचं शिक्षण असतं, आणि शिकता शिकता माणूस डॉक्टर होतो. सुया टोचणारा नव्हे, दुसरा.

तिचा बाप बिरदेव दौंडला रेल्वेत, राहायला रेल्वेच्या क्वार्टरात. आज्या-पणज्यापर्यंत सगळी मेंढरांमागं फिरलेली. बिरदेवनं नोकरी धरली आणि घरातलं फिरणं थांबलं. पोरीनं मात्र पुन्हा माळाची वाट धरली. शंभर वर्षांपूर्वी शिरूर-दौंडच्या माळांवर कुठलं गवत होतं, त्यातलं गेलं कुठलं, आणि गेलं ते कशानं, हा तिचा अभ्यास. आठवड्यातनं दोनदा स्कुटीवर बसून ती भीमेचा पूल ओलांडायची आणि शिरूरच्या बाजूला गीताबाईच्या वस्तीवर यायची. गीताबाई बिरदेवची आत्या. हर्षदा तिला आजीच म्हणायची.

गीताबाईला अक्षराची ओळख नाही, पण डोळे मिटून नुसतं पातं चुरगाळलं तरी गवताचं नाव सांगायची. तिची एक खोड होती. कशालाही गाठ मारायची ती दोनदा. दळणाचं पोतं, औषधाची पिशवी, पदराचा शेव, सगळ्याला गाठीवर गाठ. सोडताना घरच्यांच्या नखांची वाट लागायची.

वस्तीमागं साठ-सत्तर एकराचा माळ उरला होता. चहूकडनं ऊस आणि पलीकडं कंपन्यांचे पत्रे. पावसाळ्यानंतर या माळावरही सोलरच्या प्लेटा बसणार होत्या, म्हणून हर्षदाला घाई. पाइपाची एक चौकट केलेली, ती जमिनीवर ठेवायची आणि तिच्या आतलं पातं न पातं वहीत लिहायचं.

"गवताची शाळा भरवलीय व्हय?" बोरीच्या सावलीतनं गीताबाई विचारायची. "कोन कोन हजर हाय?"

"कुसळी हजर आहे, आजी. पवना गैरहजर."

"त्यो कवाच शाळा सोडून गेला."

त्या दिवशी ऊन चढलं तसा गीताबाईचा लेक पप्पू आईला मोटरसायकलवर घरी घेऊन गेला. हर्षदा चौकट उचलायला बोरीपाशी आली आणि तिला ती दिसली.

बोरीच्या फांदीला गवताची गाठ मारलेली. बोटाएवढी जाड, पीळ घातलेली, टोक नदीकडं वळवलेलं. आणि हिरवीगार. वैशाखाचं ऊन, माळ भाजलेल्या पापडासारखा, त्यावर एक हिरवं पातं नाही, आणि या गाठीवर चक्क दंव.

हर्षदानं शेपूट धरून ओढलं. गाठ लोण्यागत सुटली. तिनं गवत प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि पिशवीवर लिहिलं: एक.

२

"कुठून आणलंस हे?" धनश्री मॅडम मायक्रोस्कोपवरनं डोळा काढीनात. पुण्यातल्या त्या हर्षदाच्या गुरू. एवढी शिकलेली बाई, पण आनंद झाला की टेबलाला चापट्या मारायची.

"माळावरून, मॅडम."

"पवना आहे हा! तुझ्या त्या पट्ट्यात चाळीस वर्षांत कुणाला सापडला नाही. आणि कापून दोन दिवससुद्धा झालेले नाहीत. हर्षदा, कुठं तरी जिवंत तुकडा शिल्लक आहे. शोध. आणखी आण."

हर्षदाला रात्रीचा डोळा लागेना. आपली लग्नाची तारीख ठरली असती तरी ती एवढी फुलली नसती.

प्रबंधाच्या सुरुवातीला मॅडम एक मनोगत लिहून घ्यायच्या. हा अभ्यास करताना तुला स्वतःला काय वाटलं ते लिही, म्हणायच्या. हर्षदाची ती पानं सहा महिने कोरी होती. त्या दिवशी डेमू गाडीनं दौंडला परत येताना केडगावच्या पुढं तिनं भराभरा लिहून काढलं:

"गेलेल्या निसर्गाचा इतिहास शिकणारा माणूस कायम उशिरा पोचतो. जंगल गेलं, गवत गेलं, माणसं उठून गेली, की मग आपण वही घेऊन येतो. सगळ्यांच्या मागून. आज पहिल्यांदा वाटलं, कुणी तरी माझ्यासाठी थांबलं आहे."

वाक्य तिला फार आवडलं. तिनं खाली रेघ ओढली.

३

दुसरी गाठ पहिलीपासनं हाकेच्या अंतरावर सापडली, हेकळीच्या झुडपाला. तिसरी तिच्यापुढं. नेमानं एका खेपेला एकच दिसायची. आदल्या खेपेला तेच झुडूप तिनं न्याहाळलेलं असायचं, तिथं तेव्हा काही नसायचं. सगळ्या ओल्या, सगळ्यांची टोकं नदीकडं. हर्षदा एकेक ओढायची आणि पिशवीत भरायची. दोन. तीन. चार.

तिसरी सोडली तेव्हा तिच्या एक लक्षात आलं. कंपन्यांचा तो दिवसभराचा घुंऽऽ आवाज असतो ना, जो ऐकून ऐकून ऐकू येईनासा होतो, तो थांबला होता. शेंगदाणा चावून होईल एवढाच वेळ. त्या तेवढ्या वेळात वारं गवतातनं गेल्यासारखं सळसळलं. माळावर तर वीतभर गवत नव्हतं. मग घुंऽऽ पुन्हा सुरू झाला.

लाईट गेली असेल, तिनं मनाशी म्हटलं. जनरेटर चालू व्हायला तेवढा वेळ लागतोच.

चौथ्या गाठीखाली मेंढरांच्या लेंड्या पडलेल्या. तिनं हातात घेतल्या, तर कोमट. फोडून बघितल्या, आत पवन्याचं बी. तिला गोल गोल नाचावंसं वाटलं. तिनं पप्पूला फोन लावला.

"पप्पूकाका, वस्तीवर कुणाची मेंढरं बसलीत का?"

"आता? वैशाखात? समदी मेंढरं घाटाकडं हायेत, पोरी."

"मग माळावर गवताच्या गाठी कोण मारतंय? तू मारतोस ना माझी थट्टा करायला?"

"आगं, मी कंपनीत डबल ड्युटी मारतोय. गाठी कवा मारू, जेवनाच्या सुट्टीत?"

पाचवी गाठ नदीच्या दरडीवर होती. ती सुटली तेव्हा हर्षदाच्या मागं, अगदी पाठीला लागून, कुणीतरी जिभेनं टाळूला टक्‌ केलं. मेंढरू रेंगाळलं की धनगर करतात तसं. तिनं मागं वळून बघितलं. माळ मोकळा होता.

लाज वाटेल अशी गोष्ट सांगते, तिला भीती वाटली नाही. तिला वाटलं, आवाज टेपवर यायला हवा होता.

४

मग ती पिशव्या घेऊन गीताबाईकडं गेली. आजीला चकित करायचं, एवढंच मनात.

गीताबाई पत्र्याच्या खोलीत मटकी निवडत बसली होती. उन्हानं पत्रा कडकड वाजत होता. हर्षदानं रेकॉर्डर चालू केला आणि पाचही पिशव्या सुपासमोर मांडल्या.

"ओळख बघू, आजी."

गीताबाईनं पीळ न सुटलेली एक पात काढली, बोटांत धरली. तिचा हात मटकीवरच थांबला.

"पीळ उलटा हाय," ती म्हणाली. "डावऱ्या हाताचा. ही अक्कानं बांधलीय."

"कोण अक्का?"

"धुरपदा. माझी थोरली भन."

हर्षदानं हे नाव घरात कधी ऐकलं नव्हतं. ती सावरून बसली. गीताबाई सुपाकडं बघतच बोलायला लागली.

"बहात्तरचा दुस्काळ. चारा न्हाई, पानी न्हाई. बानं वाडा हलवला. वाडा म्हंजी चिरेबंदी न्हवं गं, आमचा वाडा जाळीचा. मेंढरं, जाळी, घोड्यावर बिऱ्हाड. म्होरं अक्का चालायची. वाटंला फाटा फुटला की झुडपाला गाठ मारायची, टोक वाटंकडं. समद्यांच्या मागं मी. लंगडी मेंढरं, कवळी कोकरं घिऊन. मी यायची आन् गाठ सोडायची. गाठ सोडील ती मागली. तिच्यामागं कुनी न्हाई. एका मुक्कामापास्नं दुसऱ्यापातूर सात गाठी. सात सुटल्या की मागली पोचली. मागली पोचल्याबिगर वाडा उठत न्हाई. कायबी होऊ दे, उठत न्हाई."

"मग तू?"

पत्रा दोनदा वाजला.

"हितं रस्त्याचं काम चाललं हुतं. खडी फोडनाऱ्यास्नी सुकडी वाटत हुते. त्या वासानं माझं पाय थांबलं. तीन दिसांची उपाशी. म्हनलं मूठभर खाते आन् जाते. बसले ती बसलेच. समद्यास्नी सांगितलं, ताप आला हुता. तुझ्या आज्ज्यालाबी त्येच, त्यो तवा दुसऱ्या वाड्यासंगं हुता. ताप न्हवता, हर्षे. ताप कसला. भूक हुती." तिनं पदरानं तोंड पुसलं. "कोन म्हनलं वाडा खानदेशात गेला, कोन म्हनलं नदीत. परत कुनी आलं न्हाई. बोरीची गाठ तेवढी सोडायची ऱ्हायली माझी."

हर्षदाच्या अंगावर काटा आला, पण कसला म्हणाल तर आनंदाचा. अशी साक्ष जन्मात एकदा मिळते. रेकॉर्डरचा लाल दिवा चालू आहे ना, ते तिनं हळूच बघितलं.

गीताबाईनं पात नाकाला लावली. आणि एकदम तिचं तोंड उजळलं, सोळा वर्षांच्या पोरीसारखं.

"हिरवा हाय गं! वलाय! चारा गावला की त्यास्नी!" मग तिनं पिशव्यांकडं बघितलं. "ह्या सोडल्या कुनी?"

"मीच. नमुने म्हणून."

"किती?"

"पाच."

गीताबाईनं सूप उचललं. सुपातली मटकी तिनं पोत्यात ओतली आणि पोत्याला गाठ मारली, गाठीवर गाठ.

"उरलेल्याला हात लावू नगं," ती एवढंच म्हणाली.

भीमेच्या पुलावर येईपर्यंत हर्षदा गुणगुणत होती. पुलाच्या मधोमध तिला कळलं, आपण काय करून बसलोय. पन्नासहून जास्त वर्षं थांबलेल्या माणसांना पाच वेळा निरोप दिलाय: मी आले. मी आले.

कुणी तरी माझ्यासाठी थांबलं आहे. खाली रेघ.

५

विद्यापीठात शिकलेली पोर. क्वार्टरात येऊन तिनं डोकं थंड ठेवून विचार केला. कुणीतरी मेंढपाळ चुकून मागं राहिला असेल. पाणथळीला पवन्याचा तुकडा असेल. गाठी घालायची रीत अजून कुणाच्या हातात असेल, डावरा माणूस काय एकच असतो का? सगळं बसलं. लेंड्यांचा कोमटपणा तेवढा बसेना, तर उन्हानं कोमट, असं म्हणून तोही बसवला.

दिवेलागणीला अजून वेळ होता. मॅडमचा फोन आला म्हणून ती गच्चीवर गेली. दौंड जंक्शन म्हणजे माहिती आहे ना, चोवीस तास शिट्ट्या, डब्यांची धडधड, बाईचा आवाज, गाडी अमुक फलाटावर येत आहे.

"एक तरी गाठ न सोडता आण, फांदीसकट," मॅडम म्हणत होत्या. "आणि ती आजींची टेप पाठव. हर्षदा, मला तर हुरूप आलाय बघ! सोलरवाल्यांपुढं ठेवायला पुरावा आहे हा."

"हो मॅडम, मलापण! मी उद्याच..."

ती बोलता बोलता थांबली, कारण गच्ची एवढी गप्प कधी नसते. शिट्टी नाही, धडधड नाही, बाई नाही. लांबवर एक घंटा, म्होरक्या मेंढराच्या गळ्यात असते तशी, चालीनं वाजणारी.

"हॅलो? हर्षदा?"

डाव्या हातात फोन होता. उजव्या हातात ओलं काहीतरी होतं. तिनं खाली बघितलं. कपडे वाळत घालायच्या तारेला हिरवं गवत लोंबत होतं आणि त्याचं टोक तिच्या बोटांत होतं. सुटलेलं. गाठ कधी दिसली, कधी धरली, कधी ओढली, काही आठवेना. बोटांना मात्र ठाऊक होतं. बोटं खूश होती.

सहा.

गाड्यांचा आवाज धाडकन परत आला. खालनं बिरदेव ड्युटीचे बूट काढता काढता ओरडला, "हर्षे, मेंढरांचा वास कुठनं येतोय गं? क्वार्टरात मेंढरं कुनी आनली?"

६

सकाळी सातवी गाठ स्कुटीच्या हॅन्डलला होती.

हर्षदानं तिला हात लावला नाही. तिनं ओढणीनं दोन्ही हात गुंडाळले आणि तशीच गाडी चालू केली. खरं सांगायचं तर तिला आजीकडं पळायचं होतं आणि आजीकडं जायचंही नव्हतं. गाठीचं टोक वाऱ्यानं मागं उडायला हवं होतं. ते पुढं ताठ होतं, वाट दाखवत. नदी ओलांडली, ऊस मागं पडला, वस्तीचा फाटा आला. तिनं फाट्याला वळायचं ठरवलं होतं. गाडी माळावर येऊन थांबली.

बोरीखाली गीताबाई उभी. ठेवणीतलं हिरवं लुगडं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. लग्नाला निघाल्यासारखी.

"लई येळ लावलास," ती म्हणाली.

"आजी, तू घरी चल. हे काढून टाकू, जाळून टाकू."

"आवाज ऐक आदी."

कंपन्यांचा घुंऽऽ थांबलेला होता. या खेपेला तो परत आला नाही.

सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. उन्हात माळावर पाणी हलल्यासारखं दिसतं, तसं दिसत होतं. मृगजळ, हर्षदानं स्वतःला सांगितलं. तापलेली हवा, वाकलेला उजेड, शाळेत शिकलोय. पण मृगजळात पाणी दिसतं. हे गवत होतं. मांडीपर्यंत, सोनेरी शेंड्यांचं, लाटा जातात तसं वाकणारं. तिनं आयुष्यभर ज्याच्या चार काड्या चौकटीत शोधल्या ते सगळं एकदम तिथं होतं. जुन्या लोकांनी सांगितलेलं सगळं खरं होतं. तिला हसू फुटलं, डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. अजून थोडं जवळून बघायचं. एवढंच.

हातावरची ओढणी गळून पडली होती. तिचा हात हॅन्डलकडं गेला.

फाट्‌! गीताबाईची काठी मनगटावर बसली. ब्रह्मांड आठवलं पोरीला.

"मागली एकच असती," गीताबाई म्हणाली. "आन् ती तू न्हवं. सुकडी मी खाल्ली, तू न्हाई."

"आजी, मला फक्त बघायचंय!"

"म्हाईत हाय. मलाबी फकस्त मूठभर खायाचं हुतं."

तिनं हर्षदाच्या गालावरनं हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली. तिचे डोळे असे चमकत होते की जत्रेला सोडलेलं पोर बरं.

"पप्पूला सांग, तव्याखाली भाकरी हाय. म्होरं पोचले की गाठ मारीन. बघ, पन सोडू नगं."

आणि तिनं सातवी गाठ सोडली.

हर्षदाला दिसलं ते एवढंच. गवतातनं मेंढरांच्या पाठी, काळ्या-पांढऱ्या, एकामागं एक. माणसं पाठमोरी. सगळ्यात मागं एका माणसाएवढी जागा मोकळी, आणि तिथलं गवत तुडवलेलं, फार दिवस कुणासाठी तरी खोळंबल्यासारखं. पुढं एका बाईनं डावा हात वर केला. त्या बाईनं अजून मागं वळून बघितलं नव्हतं. ती वळायला लागली होती, तेवढ्यात हर्षदानं डोळे गच्च मिटले.

टक्‌, कुणीतरी जिभेनं केलं. वाडा उठला.

घुंऽऽ सुरू झाला. बोरीखाली गीताबाईच्या वहाणा होत्या. टोकं नदीकडं.

७

चार दिवस शोधाशोध झाली. विहिरी बघितल्या, कालवा बघितला, उसाची सरी न सरी बघितली. पोलिसांनी हर्षदाला तीनदा विचारलं, आणि तिनं तिन्ही वेळा सांगितलं, आजी माळावर चालत गेली. यात खोटं काही नव्हतं.

पप्पूनं तव्याखालची भाकरी खाल्ली नाही, टाकलीही नाही. "आईला उन्हाचं काय सोसतंय गं," तो रोज म्हणायचा. "वहाना तरी घालायच्या."

रेकॉर्डरवर त्या दिवशीचं सगळं नीट आलं होतं. पत्र्याचा कडकडाट, दुष्काळ, सुकडी. ऐकता ऐकता हर्षदाला एकच फरक कळला. टेपवर गीताबाईचा आवाज खोलीतला वाटत नव्हता. चालता चालता बोलल्यासारखा, मधेच धाप लागल्यासारखा वाटत होता. आणि खुशीत होता.

पंधरा दिवसांनी ती मनोगत पुरं करायला बसली. भर दुपार, खिडक्या बंद, लाईट गेल्यामुळं पंखा बंद. बाप ड्युटीवर. पाइपाची चौकट भिंतीला टेकवून ठेवलेली. तिनं रेघ ओढलेलं वाक्य वाचलं, पेन उचललं, आणि तिला ओल्या गवताचा वास आला.

चौकटीच्या कोपऱ्याला गाठ होती. हिरवीगार. पीळ सरळ, उजव्या हाताचा. गाठीवर गाठ.

पोचली म्हणायची! हर्षदा उठून उभी राहिली, खुदकन हसली, रडली, पुन्हा हसली. पप्पूकाकाला फोन करायला हवा होता. त्याला काय सांगायचं, ते सुचेना. फोन तिच्याआधीच वाजला. पडद्यावर धनश्री मॅडमचं नाव.

"हर्षदा, न सोडलेली गाठ एक तरी मिळाली का गं? एकच! एकच पुरे!"

हर्षदानं फोन टेबलावर ठेवला, तसाच, बोलता. ती जमिनीवर चौकटीसमोर बसली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. बोटं खाली वळवळत होती, शिवशिवत होती. दुहेरी गाठ आहे, तिनं बोटांना समजावलं. आजीची गाठ आहे. सहजी सुटायची नाही.

वारं नव्हतं. गाठीचं शेपूट हललं, आणि हळूहळू तिच्याकडं वळलं.